बेस कमी, बहुमताने मंजूर

कार्यक्रम संपता संपता बँडमधल्या माणसांची ओळख करून द्यायची असते. सेक्रेटरींच्या बायकोने माइक हातात घेतला आणि हसऱ्या आवाजात सांगितलं, "गिटारवर आमचे डॉक्टर. ड्रम्सवर माझा धाकटा भाऊ. आणि हे," तिने मागे न बघता अंगठ्याने खूण केली, "माझे मिस्टर." टाळ्या झाल्या. मिस्टरांच्या गळ्यात चार जाड तारांची, चांगली वजनदार बेस गिटार होती आणि ती त्यांनी कार्यक्रमभर घाम गाळून वाजवली होती. तिचा उल्लेख झाला नाही. नंतर पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि म्हटलं, "बायकोसाठी तुम्ही स्वतः इतका वेळ उभे राहता, हे फार कौतुकाचं आहे."

घरी येताना सेक्रेटरींनी मिठाची गुळणी धरली होती. बायकोला वाटलं, पाय दुखत असतील.

सेक्रेटरी हे त्यांचं नाव नव्हतं. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात ते पाइपलाइनचे नकाशे काढत, आणि राहत्या सोसायटीचे इतकी वर्षं सेक्रेटरी होते की त्यांचं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. माणूस आत्मविश्वासाचा. लिफ्ट बंद पडली तरी ती त्यांच्या परवानगीनेच बंद पडली आहे असा चेहरा करून ते जिना चढत. बँडही त्यांनी सोसायटीसारखाच चालवला होता. मतभेद नकोत म्हणून सोसायटीचे नियम जसेच्या तसे बँडला लावले होते. गाण्याचा शेवट एकदम करायचा की हळूहळू विरवत न्यायचा, यालाही सूचक आणि अनुमोदक लागत. मेहुण्याला एकदा तालमीत शिंक आली तेव्हा त्याने सवयीने आधी हात वर केला होता.

पण एवढ्या कारभारात त्यांचं स्वतःचं वाजवणं मात्र कोणाच्या कानावर पडत नव्हतं. लोक गाणी ऐकतात फोनवर, आणि फोनच्या एवढ्याशा भोकातून बेस बाहेर येतच नाही. "बेस हा इमारतीच्या पायासारखा असतो," असं ते समजावून सांगत. ऐकणारा मान डोलवत असे, कारण पाया कोणाला दिसत नाही हे त्याला मनापासून पटत असे. इतरांचं सेक्रेटरींनी मनाला लावून घेतलं नसतं. पण बायको तीच गाणी त्यांच्यापासून दोन पावलांवर उभी राहून गायची, आणि तिला तो अंगठा पुरला, हे काही त्यांच्या घशाखाली उतरेना.

उपाय डॉक्टरांनी आणला. डॉक्टर म्हणजे दातांचे. त्यांच्या एका पेशंटने त्यांना सांगितलं होतं की बेस ऐकावा तर रेकॉर्डवर. ती जुन्या पद्धतीची काळी तबकडी फिरायला लागली की खालचा सूर थेट जबड्यात जाणवतो. पेशंटचं तोंड डॉक्टरांच्या ताब्यात असताना त्याने एवढं भाषण कसं केलं, हे सेक्रेटरींनी विचारलं नाही. त्यांना फक्त जबडा ऐकू आला. हल्ली पुन्हा रेकॉर्डी निघतात, एक कारखाना लहान बँडच्याही काढून देतो, असंही कळलं. पुढच्याच बैठकीत ठराव आला: बँडने स्वतःची रेकॉर्ड काढावी. सूचक सेक्रेटरी, अनुमोदक डॉक्टर. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, पण आपल्यापैकी कोणाकडे रेकॉर्ड वाजवायचं यंत्र आहे का?" सेक्रेटरींनी हा प्रश्न विषयपत्रिकेवर नसल्यामुळे पुढे ढकलला.

बातमी सोसायटीत पसरायला लिफ्टची एक फेरी पुरली. लोकांना सल्ला द्यायला जागा लागत नाही, दोन मजल्यांमधलं अंतरही पुरतं. तळमजल्यावरचे विमा एजंट म्हणाले, तबकडीच्या मागच्या बाजूला काही नसतं ना, मग तिथे घड्याळ बसवा, लोक निदान भिंतीवर लावतील. मागच्या बाजूलाही गाणी असतात, हे ऐकल्यावर म्हणाले, "म्हणजे निम्मा माल उलटाच राहणार." एका वहिनींनी रेकॉर्डी गच्चीत ठेवू नका, उन्हात वाकतात, असं बजावलं. हा एकच सल्ला कामाचा होता, त्यामुळे तो कोणी लक्षात ठेवला नाही. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम रेंगाळलेले एक सभासद म्हणाले, "तुम्हाला रेकॉर्डी काढायला वेळ आहे." यात सल्ला नव्हता, पण सेक्रेटरींना ते सगळ्यात जास्त लागलं.

गप्प राहिल्या त्या एकट्या बाई. बाई म्हणजे सेक्रेटरींच्या बरोबर खालच्या घरात राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका. वरच्या खोलीत तालीम सुरू झाली की बाईंची तक्रार ठरलेली. सोसायटीच्या नियमाप्रमाणे तक्रार सेक्रेटरींकडे द्यायची असते, म्हणून बाई एक जिना चढून सेक्रेटरींच्या विरुद्धचा अर्ज सेक्रेटरींच्याच हातात देत आणि पोच मागत. ते पोच देत. मग कमिटीत तो अर्ज गंभीर आवाजात वाचून दाखवत आणि स्वतःला समज देणारं पत्र स्वतःच्या सहीने काढत. एकदा त्या पत्रातली भाषा फारच कडक झाली, तेव्हा पुढचे काही दिवस ते आरशात स्वतःशी नीट बोलत नव्हते.

गाणी रेकॉर्ड करून कारखान्याला पाठवली. प्रत्येकाने आपापलं लाडकं गाणं पुढे रेटलं होतं. डॉक्टरांच्या गाण्यात गिटारचा एक लांबलचक भाग होता, जो संपला असं वाटल्यावर खरा सुरू होत असे. मेहुण्याच्या गाण्यात बाकी सगळ्यांनी हात बांधून उभं राहायचं आणि त्याने एकट्याने ड्रम बडवायचे. बायकोची गाणी शांत, सुरेल होती. आणि दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला, मानाच्या जागी, सेक्रेटरींनी स्वतः रचलेलं आणि स्वतः गायलेलं एकुलतं एक गाणं होतं, 'टाकी'. गच्चीवरची पाण्याची टाकी हे माणसाच्या एकटेपणाचं प्रतीक आहे, असं त्यांचं म्हणणं. ऐकणाऱ्याला ते पाणीकपातीवरचं वाटे आणि काही जण कळवळून दादही देत.

इथे माशी शिंकली. कारखान्यात तबकडीवर खाच कापणारे एक गृहस्थ होते, त्यांचा फोन आला. सेक्रेटरींनी तातडीची बैठक बोलावली, फोन टेबलावर ठेवला, आवाज मोठा केला आणि उपस्थितांची नोंद घेऊन "बोला" म्हणाले.

"तुमची दुसरी बाजू लांब झालीय," पलीकडचा आवाज म्हणाला. आवाजात थकवा होता, पण तो जुनाच असावा. "गाणं म्हणजे इथे एक खाच असते, बाहेरून आत गोल गोल जाणारी. बेस जोरात असला की खाच डावी-उजवीकडे जास्त हलते, जास्त जागा खाते. एवढी गाणी आणि एवढा बेस, दोन्ही मावत नाही."

"मोठा पाइप टाकायचा तर रस्ता जास्त रुंद खणावा लागतो," सेक्रेटरी म्हणाले. आपल्याला विषय समजल्याचा त्यांना आनंद झाला होता. तो समजून काय होणार आहे हे अजून ध्यानात यायचं होतं.

"बरोबर. मग एक तर एखादं गाणं काढा, नाही तर बेस कमी करू, दोन्ही बाजूंचा, म्हणजे त्या सारख्या वाजतील. कळवा."

फोन बंद झाला.  कोणतं गाणं काढायचं, हा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण विचारणाऱ्याचंच गाणं काढलं जाईल अशी प्रत्येकाला धास्ती होती. डॉक्टरांनी खिडकीबाहेर बघितलं. मेहुण्याने बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. सेक्रेटरी मात्र निर्धास्त होते. गाणं काढायचं तर ड्रमचंच निघणार, हे त्यांना सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ दिसत होतं. ते म्हणाले, "पर्याय दोन आहेत. मतदान घेऊ. बेस कमी करावा, या बाजूने कोण?"

डॉक्टरांचा हात वर गेला. मेहुण्याचा गेला. सेक्रेटरींनी चष्म्यावरून बायकोकडे बघितलं. तिचा हात आधी खांद्यापर्यंत आला, तिथे थोडा थांबला आणि मग पूर्ण वर गेला.

"अहो, रागावू नका," ती म्हणाली. "तसाही तो ऐकू येत नाही ना. मग कमी केला तर कोणाला कळणार आहे?"

ती हे दुखवायला बोलली नव्हती, आणि त्यामुळेच ते जास्त दुखलं. रेकॉर्डचा घाट घातला होता तो तिने एकदा ऐकावं म्हणून, आणि तिचाच हात वर होता. पण नियम त्यांनीच केलेले होते. त्यांनी पेन उघडलं, "बेस कमी करण्याचा ठराव बहुमताने मंजूर," असं लिहिलं, अक्षर बिघडू दिलं नाही, आणि अध्यक्षांचे, म्हणजे स्वतःचे, आभार मानून बैठक संपवली. मग ते स्वयंपाकघरात गेले आणि तहान नसताना पाणी प्यायले.

सकाळपर्यंत मात्र माणूस सावरला होता. थोडा कमी केलेला बेस हासुद्धा बेसच, असं त्यांनी दाढी करताना स्वतःला पटवलं आणि पटलंसुद्धा. आत्मविश्वासाच्या माणसाचं हे असं असतं. खाली पडला तरी जमीन बघायला वाकलो होतो असं तो म्हणतो.

मग आल्या चाचणीच्या तबकड्या. सगळ्या रेकॉर्डी छापण्याआधी कारखाना दोन-चार नमुने पाठवतो, ते ऐकून मंजुरी द्यायची असते. नमुन्यांवर नाव छापलेलं नसतं, नुसतं पांढरं गोल लेबल. पार्सल ऑफिसात तेच अडलं. काउंटरवरच्या कारकुनाने खोक्याची एक कड उघडून बघितली आणि विचारलं, "यात काय आहे?"

"गाणी."

"कोणाची?"

"आमची."

"कुठे लिहिलंय?"

"लिहिलेलं नसतं. चाचणीची आहेत."

"वर लिहिल्याप्रमाणे माल आहे की नाही हे बघूनच सोडायचं, असा नियम आहे साहेब. यावर काहीच लिहिलेलं नाही. मी काय बघू?"

सेक्रेटरींना नियमाचा आदर होता. नियम दुसऱ्याने सांगितला की मात्र तो आदर जरा पातळ व्हायचा. तरी समजुतीच्या सुरात ते म्हणाले, "मी तुम्हाला यातलं गाणं म्हणून दाखवतो." आता इतकी वर्षं ज्याने बेस वाजवला, त्याच्या डोक्यात गाणं बेसच्याच रूपाने असतं. त्यांनी घसा साफ केला, डोळे मिटले आणि सुरुवात केली, "दुम्. दुम्-दुम्. दुम्. दु-दुम्."

कारकुनाने बराच वेळ वाट बघितली. मग शेजारच्या टेबलाकडे वळून म्हणाला, "जरा इकडे या हो. हे ऐका." शेजारचे उठून आले. सेक्रेटरींनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. आता रांगेतले लोकही ऐकत होते. शेजारच्यांनी लक्षपूर्वक ऐकून मत दिलं, "यंत्राचा सुटा भाग असावा. पाण्याचा पंप वगैरे."

शेवटी बायकोला फोन लावावा लागला. तिने एका ओळीत काम केलं. फोनमधून तिचा आवाज आला तसा कारकुनाचा चेहरा उजळला, रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मान हलवली, आणि शिक्का पडला. "असं गाणं आहे म्हणून आधीच सांगायचं ना साहेब," कारकून म्हणाला. खोकं छातीशी धरून सेक्रेटरी बाहेर आले. आपण जे म्हटलं तेच गाणं होतं, तोच भाग होता, तोच ताल होता, हे त्यांना त्या रांगेला परत जाऊन सांगावंसं वाटत होतं.

आता पुढे ढकललेला प्रश्न समोर येऊन उभा राहिला. रेकॉर्ड वाजवायची कशावर? डॉक्टरांच्या त्या पेशंटने गाव सोडलं होतं. मेहुण्याच्या ओळखीत एकाकडे यंत्र होतं, पण त्यावर कुंडी ठेवलेली होती. चौकशी करता करता कळलं की चालू स्थितीतलं यंत्र अख्ख्या इमारतीत एकाच घरात आहे. शाळेने कवायतीच्या वेळी लावायचं जुनं यंत्र मोडीत काढलं, तेव्हा ते ज्यांनी घरी आणलं होतं, त्या म्हणजे बाई.

सेक्रेटरी आयुष्यात प्रथमच एक जिना उतरून बाईंच्या दारात उभे राहिले. मागे बँड. बाईंनी दार उघडलं, चौघांकडे आळीपाळीने बघितलं आणि म्हणाल्या, "आज अर्ज घेऊन तुम्ही आलात वाटतं."

"अर्ज नाही बाई. विनंती."

"लेखी आहे का?"

लेखी होती. सेक्रेटरींनी ती खिशातून काढून दिली. बाईंनी वाचली, त्यावर पोच लिहून दिली आणि मग त्यांना आत घेतलं.

बाईंची बैठकीची खोली तपासून ठेवलेल्या वहीसारखी होती. यंत्राचं झाकण उघडलं, तबकडी ठेवली, सुई टेकवली. पहिली बाजू वाजली. दुसरी वाजली. 'टाकी'ही वाजली. डॉक्टर आपल्या गिटारवर खूश होते, मेहुणा गुडघ्यावर बोटं आपटत होता, बायको ओठांतल्या ओठांत गात होती. सेक्रेटरी कान टवकारून बसले होते. कधी वाटे, आहे. कधी वाटे, खाली रस्त्यावरच्या बसची घरघर आहे. यंत्र थांबलं तसं डॉक्टर म्हणाले, "उत्तम. मंजुरी कळवून टाकू."

"हे कोणाचं आहे?" बाईंनी विचारलं.

"आमचं, बाई," मेहुणा म्हणाला.

"तुमचं नाही," बाई म्हणाल्या. "तुमचं मी रोज ऐकते. त्यात असं असतं," आणि मुख्याध्यापिका बाईंनी पाठ ताठ ठेवून, हातांची घडी न सोडता, सुरात सांगितलं, "दुम्. दुम्-दुम्. दुम्. दु-दुम्."

 सेक्रेटरींच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"माझ्या छतातून तेवढंच येतं," बाई पुढे म्हणाल्या. "गाणं येत नाही, गिटार येत नाही. गाणं असतं हे मला आज कळलं. दुम्-दुम् मात्र सगळं येतं. या दुसऱ्या बाजूला दुसरं जे वाजलं ना आता, त्यात मधे वर चढत जाऊन एकदम थांबतं आणि एक मात्रा सोडून खाली उतरतं. ते मला बरं वाटतं. यात त्याची नुसती सावली उरलीय. ते कुठे गेलं?"

"कमी केलं, बाई," सेक्रेटरी म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखा निघाला नाही. "बहुमताने."

"मग ही रेकॉर्ड मला ओळखीची नाही." बाईंनी तबकडी पाकिटात घातली. "आणि तक्रारी मी मागे घेत नाही, हेही सांगून ठेवते. आवडतं म्हणून त्रास होत नाही असं नाही."

बायको जमिनीकडे बघत होती. ती मात्रा सोडून उतरायची जागा तिच्या रोजच्या गाण्यातली होती. तिथे ती श्वास घ्यायची. तिथे खाली काही वाजतं, हे तिला बाईंच्या तोंडून कळत होतं.

बैठक तिथेच बोलवावी लागली, बाईंच्या खोलीत. बाई म्हणाल्या, आपल्या घरात होणाऱ्या कुठल्याही बैठकीला हजर राहायचा आपल्याला हक्क आहे, आणि हे सेक्रेटरींना नियमांत कुठे सापडलं नाही तरी नाकारता आलं नाही. विषय एकच होता. बेस परत आणायचा तर एक गाणं काढावं लागणार. पुन्हा खिडकी, पुन्हा नाडी.

"बाई, तुम्हीच सांगा," डॉक्टर म्हणाले. त्यांना वाटलं, त्रयस्थ माणूस ड्रमच्याच विरोधात जाणार.

"मला गाणी कुठे माहीत आहेत?" बाई म्हणाल्या. "पण एक आहे, त्यात दुम्-दुम् नुसतं अडखळतं. रस्ता ओलांडताना घाबरलेल्या माणसासारखं. इतरांत इतकं नीट वाजवणारा माणूस तिथेच का असा करतो, ते मला कधी कळलं नाही. ते सुरू झालं की मी उठून खिडक्या लावून घेते. आज ते या दुसऱ्या बाजूला पहिलंच लागलं. पुसट होतं, पण अडखळणं ओळखू आलं."

सगळ्यांना कळलं. 'टाकी'. गाणारा तोच आणि वाजवणारा तोच, त्यामुळे शब्दांकडे लक्ष गेलं की बोटं चुकत. सेक्रेटरींनाही हे मनाच्या तळाशी माहीत होतं, फक्त त्यांनी ते कधी विषयपत्रिकेवर येऊ दिलं नव्हतं. आपण रचलेलं, आपलं नाव लागलेलं, आपल्या आवाजातलं, जगात असलेलं एकमेव गाणं. ते राहिलं तर लोक निदान म्हणतील, हे गाणं सेक्रेटरींचं. ते गेलं तर रेकॉर्डवर त्यांचा शब्द नाही, आवाज नाही, फक्त ते खालचं. आणि ते खालचं कोणी ऐकलं तर ऐकलं. 

मग ते उठून उभे राहिले. एकटेच उभे होते तरी सभागृहाकडे बघावं तसं त्यांनी बघितलं. "ठराव मांडतो. 'टाकी' हे गाणं रेकॉर्डमधून वगळावं आणि बेस पूर्ववत करावा. सूचक मी. अनुमोदन कोण देतं?"

कोणीच देईना. मेहुणा मान खाली घालून म्हणाला, "भाऊजी, मी ड्रमचा भाग थोडा आवरता घेतो की." असं वाक्य त्या माणसाच्या तोंडून कधी निघेल असं त्याच्या आईलाही वाटलं नसतं. डॉक्टर खाकरले, "मीही दुसऱ्यांदा सुरू होतो ते होत नाही." बायको म्हणाली, "अहो, राहू दे ना. तुमचं एकच गाणं आहे ते."

"थेंब थेंब वाचवून मोठ्या पाइपला जागा होत नाही," सेक्रेटरी म्हणाले. "अनुमोदन कोण देतं ते विचारलंय मी."

"मी देते," बाई म्हणाल्या.

बाई बँडच्या सभासद नव्हत्या. त्यांना मताचा अधिकार नव्हता, अनुमोदनाचा त्याहून नव्हता. सेक्रेटरींनी पेन उघडलं, क्षणभर हवेत धरलं, आणि कारभाराच्या आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडून बाईंचं अनुमोदन लिहून घेतलं. मग मतदान घेतलं. सगळे हात वर गेले. सगळ्यात शेवटी, आणि सगळ्यात हळू, बायकोचा.

कारखान्यातल्या गृहस्थांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "बहुतेक लोक बेस कमी करतात." सेक्रेटरी म्हणाले, "आम्हीही केला होता." दोघांनाही यापेक्षा जास्त काही बोलायची गरज पडली नाही.

एका रविवारी सकाळी छापील रेकॉर्डींची खोकी आली. लिफ्ट बंद होती. सभासदांनी खोकी जिन्याने वर न्यायला मदत केली आणि प्रत्येक मजल्यावर थांबून ती आडवी ठेवावीत की उभी यावर चर्चा केली. विमा एजंटांनी एक रेकॉर्ड हातात घेऊन तिच्या मागच्या बाजूची खात्री करून घेतली. पहिलं खोकं मात्र वर गेलंच नाही. ते बाईंच्या घरी उघडलं.

दुसरी बाजू वर ठेवली, सुई टेकली. आधी ती बारीक खरखर, मग बायकोचं शांत गाणं, आणि त्याच्या खालून तो सूर आला. फोनच्या भोकातून कधीच न आलेला, भरीव, सावकाश पावलं टाकत येणारा. टेबलावरच्या भांड्यातलं पाणी थरथरलं. सेक्रेटरींना आपला श्वास मोठा वाटायला लागला म्हणून त्यांनी तो रोखून धरला. ते नकाशा बघावा तसं तबकडीकडे बघत होते. बायकोकडे बघायची त्यांची हिंमत होत नव्हती. इतका आत्मविश्वासाचा माणूस, पण तेवढं त्यांना जमेना.

बायको नेहमी आपल्या गाण्याबरोबर ओठ हलवायची. आज ते हलत नव्हते. गाणं मधल्या भागात आलं, तो सूर वर चढत गेला, एकदम थांबला, आणि जिथे ती इतकी वर्षं एकटीच श्वास घेत होती असं तिला वाटत होतं, तिथे एक मात्रा सोडून अलगद खाली उतरला, तिला उतरायला हात द्यावा तसा.

"हे तुम्ही रोज वाजवत होतात?" तिने विचारलं.

"रोज."

"मी जिथे श्वास घेते तिथे थांबता?"

"तू घेतल्याशिवाय मी पुढे जातच नाही," सेक्रेटरी म्हणाले. "कधीच गेलो नाही."

 तिचे डोळे भरून आले होते आणि ते तिने पुसले नाहीत. मेहुणा आणि डॉक्टर एकाच वेळी खिडकीबाहेर बघायला लागले.

बाई बराच वेळ ऐकत होत्या. मग सवयीने त्यांनी वर छताकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आवाज जरा कमी करा. वरच्यांना त्रास होईल."

"वर आम्हीच राहतो, बाई," सेक्रेटरी म्हणाले.

बाईंनी यावर विचार केला. "म्हणजे आत्ता वर कोणी नाही."

"कोणी नाही."

बायको उठली, यंत्रापाशी गेली, बटण फिरवून आवाज होता त्याहून मोठा केला आणि आपल्या खुर्चीकडे परत न जाता सेक्रेटरींच्या शेजारी येऊन बसली.